एकशे बत्तीस पानं आणि एक डुप्लिकेट जाऊ

पुण्याच्या सोसायटीतल्या बाईंचा फोन आला तेव्हा इंद्रजित मरळ भोरच्या कॉलेजच्या ग्रंथालयात एका जुन्या शब्दकोशाचा सुटलेला पुठ्ठा डिंकाने चिकटवत बसला होता.

"अहो, तुमच्या त्या पासलीच्या तांदळाचं नाव आम्ही गूगलवर टाकलं. काही येतच नाही," बाई म्हणाल्या. "साइट खरीच आहे ना? म्हणजे कसं, चाळीस कुटुंबांचा वर्षाचा तांदूळ घ्यायचाय आणि हल्ली फसवणूक फार. पुढच्या रविवारी संध्याकाळी आम्ही सगळ्या बसतोय. तोवर सापडली तर बघू."

'खरीच आहे ना' हे तीन शब्द इंद्रजितला फार लागले. वीस वर्षांच्या नोकरीत त्याने कुणाला दोन रुपयांचा दंड जास्त लावला नव्हता. आणि साइट तर त्याने स्वतः, दिवाळीची अख्खी सुट्टी घालवून केली होती.

झालं होतं असं. त्याची बायको प्रेरणा वेल्ह्याकडच्या पासली गावातल्या बचत गटाचं काम बघायची. गटात अकरा बायका. तांदूळ, नाचणी आणि वरई ही तीन धान्यं. आजवर हा माल व्यापारी न्यायचा आणि अकराजणींचा तांदूळ एकाच ढिगात ओतायचा. एकदा ओतला की कुणाचा कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. या वर्षी प्रत्येकीच्या पिशवीवर प्रत्येकीचं नाव येईल, असा शब्द प्रेरणाने बायकांना दिला होता, आणि तो सगळा त्या चाळीस कुटुंबांच्या भरवशावर. ती कुटुंबं गेली की पुन्हा व्यापारी आणि पुन्हा ढीग.

आता ग्रंथालयाचा एक नियम इंद्रजितच्या हाडीमाशी खिळलेला होता. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती आल्या तरी दाखल क्रमांक पाच पडले पाहिजेत. त्या न्यायाने अकरा बायका, तीन धान्यं आणि अर्धा, एक, पाच व दहा किलो अशा चार पिशव्या. अकरा त्रिक तेहेतीस, तेहेतीस चोक एकशे बत्तीस. त्याने साइटवर एकशे बत्तीस पानं केली आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. मजकूर मात्र सगळीकडे एकच: 'सह्याद्रीच्या कुशीतील शुद्ध, सात्त्विक, पारंपरिक चव. भात मऊ व सुवासिक होतो.' हे वाक्य जुळवायला त्याला दोन दिवस लागले होते. इतकं देखणं वाक्य एकदाच वापरणं ही उधळपट्टी झाली असती, म्हणून त्याने ते एकशे बत्तीस ठिकाणी डकवलं. नाचणीच्या चव्वेचाळीस पानांवरही भात मऊ व सुवासिक होत होता. याबद्दल कुणाची तक्रार आली नव्हती, कारण ती पानं कुणी पाहिलीच नव्हती.

शेफाली ही त्याची पुतणी. ती पुण्यात लोकांच्या साइट गूगलवर वर आणण्याचीच नोकरी करायची. तिने पाच मिनिटांत निदान केलं.

"काका, तुमची पानं पातळ आहेत. आणि वर डुप्लिकेट आहेत."

"म्हणजे?"

"पातळ म्हणजे पानावर वाचण्यासारखं काही नाही. डुप्लिकेट म्हणजे सगळीकडे तेच ते. यातलं कुठलं दाखवायचं हे गूगलला कळत नाही, मग ते कुठलंच दाखवत नाही. पिशव्यांची मापं एका पानावर घ्या. सारख्या पानांतलं एक मूळ ठरवा आणि बाकीची त्याच्याकडे वळवा. आणि जे उरेल त्यावर असं काही लिहा, जे जगात दुसऱ्या कुठल्याच पानावर नसेल."

"मग दिसेल?"

"दिसेल. चार दिवसांत किंवा चार आठवड्यांत. ते आपल्या हातात नाही."

हातात होते नऊ दिवस. आणि भोरमध्ये माणसाच्या कपाळावर आठी पडली की ती सरळ करायला चार माणसं लागलीच धावतात. पासलीहून पोती आणणारा टेम्पोवाला दिलावर म्हणाला, "सर, कागद पातळ असेल तर जाड घ्या की. माझ्या हीनाच्या लग्नपत्रिकेला घेतला होता, पुठ्ठ्यासारखा." कागद नाहीच असं सांगितल्यावर त्याने इंद्रजितकडे फार कीव करून पाहिलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त तलाठी गोरखनाना मात्र 'मूळ' या शब्दापाशी थबकले. "मूळ ठरवणं सोपं नसतं, इंद्रजितराव. फेरफार बघावा लागतो, हरकती मागवाव्या लागतात. आमच्या नोकरीत एक मूळ ठरवलं की दोन डोकी फुटायची."

गोरखनानांचं कुणी कधी मनावर घेत नसे. इंद्रजितनेही घेतलं नाही आणि शनिवारी दुपारी, सूचनाफलकावर लिहायच्या सवयीने, त्याने गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकलं:

'सूचना. सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, साइटवरील तांदळाची बरीच पाने डुप्लिकेट आढळली आहेत. सबब रतनबाई यांचे पान मूळ समजण्यात येत असून सगुणाबाई व इतर यांची डुप्लिकेट पाने काढून टाकण्यात येतील. रतनबाई यांचे पान पातळ असल्याने त्यात भर घालण्यात येईल. सहकार्य अपेक्षित.'

रतनबाईच मूळ का? तर त्यांचा दाखल क्रमांक एक होता. याहून सखोल विचार त्यामागे नव्हता.

पण शेफालीच्या तोंडी डुप्लिकेट म्हणजे सारखं, आणि भोर-वेल्ह्यात डुप्लिकेट म्हणजे नकली. चावी सोडली तर या शब्दाला आमच्याकडे अब्रू नाही. डुप्लिकेट बियाणं उगवत नाही, डुप्लिकेट ऑइल इंजिन खातं आणि डुप्लिकेट दाखल्यावर माणूस आत जातो. त्यातून रतनबाई आणि सगुणाबाई या सख्ख्या जावा. वाटणीत थोरलीला डोंगराकडचं वरचं खाचर आलं आणि धाकटीला ओढ्याकडचं खालचं. सहा वर्षांपूर्वी रतनबाईंनी बांधावरची मोरी बुजवून खाली जाणारं पाणी अडवलं, त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद होतं. गटाच्या बैठकीला दोघी यायच्या, मांडीला मांडी लावून बसायच्या आणि प्रेरणाच्या तोंडून बोलायच्या. "तिला सांगा, सतरंजीवरनं पाय काढ." "तिला सांगा, सतरंजी गटाची हाय." गटातला निम्मा तांदूळ या दोघींचा होता.

दहा मिनिटांत सगुणाबाईंचा फोन आला.

"मास्तर, म्या डुप्लिकेट?"

"सगुणाबाई, पहिली गोष्ट, मी मास्तर नाही, ग्रंथपाल..."

"तीस वर्सं नांदतीया म्या ह्या घरात! वाजतगाजत आणलीया मला, लपूनछपून आले न्हाई! आन आज तुमी साऱ्या गटात लिवता, सगुणा डुप्लिकेट आन ती मूळ? माझी पोती म्या घरात घेतली. ऱ्हाऊ द्या तुमची चाळीस घरं."

फोन आपटला गेला. इंद्रजित पाणी प्यायला उठला, तोवर रतनबाईंचा आला.

"मास्तर, मूळ म्हनलात ते बेस केलंत. साऱ्या आळीला वाचून दावलं म्या. पन पातळ कुनाला म्हनलात? तोलामोलाची बाई हाय म्या."

ऑर्डरचा मोठा हिस्सा असा घटकेत घरात जाऊन बसला. प्रेरणाने सूचना वाचली, दोनदा वाचली आणि मोबाईल उलटा ठेवला. "अहो, यापेक्षा वर्तमानपत्रात छापायचं होतंत," ती म्हणाली. "त्या बायकांना मी शब्द दिलाय. उद्या पासलीला जा आणि निस्तरा."

रविवारी सकाळी दिलावरचा टेम्पो नसरापूरवरून वेल्ह्याकडे निघाला. इंद्रजित मांडीवर वही घेऊन बसला होता. सगुणाबाईंची समजूत घालायची आणि जगात दुसऱ्या कुठल्या पानावर नसेल असं वर्णन मिळवायचं, अशी दोन कामं त्याने क्रमांक घालून लिहिली होती. वाटेत दिलावर म्हणाला, "सर, काही म्हणा, मागच्या महिन्यात मी यांच्या दारात जेवलोय. दोन्ही घरचा भात वेगळा लागतो." इंद्रजितचं लक्ष नव्हतं. तो 'गैरसमज' या विषयावर मनातल्या मनात भाषण जुळवत होता.

ते भाषण वायाच गेलं. रतनबाई उन्हात सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"तुमच्या तांदळाचं वैशिष्ट्य सांगा," इंद्रजितने वही उघडली.

"तांदळासारखा तांदूळ."

"तरी पण? काही खास?"

"खास काय आसतंय? पेरायचा, लावायचा, कापायचा, झोडायचा. सारी दुनिया करती."

अर्धा तास झाला तरी वहीत 'तांदळासारखा तांदूळ' एवढंच होतं. हे पान पातळ का झालं, ते आता त्याला समजलं. शेवटी वही मिटता मिटता तो सहज म्हणाला, "आणि सगुणाबाईंचा? तोही असाच असेल."

रतनबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

"असाच? तिचं खाचर खालतं. माझ्या वावरातलं पानी, माझ्या वावरातलं खत, समदं झिरपून तिच्यात जातंय. मोरी बुजवली तरी जातंय! तिकडं सावली, गाळ, ऊन उशिरा. म्हनून तिचा दाना गोड आन भात लोण्यावानी मऊ. फुकटचा गोड! अन शिजाया लागला की वास हितवर येतो. म्या दार लावून घेते. दार लावलं तरी येतो. मग माझ्या ताटातला भात मला ग्वाड लागत न्हाई." एवढं बोलून त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. "हे तिला सांगू नगा."

इंद्रजितची पेन्सिल पळत होती. तो उठला, तीस पावलं खाली गेला आणि पहिल्यांदा दारातच पाच मिनिटं बोलणी खाल्ली. मग त्याने सगुणाबाईंना त्यांच्या तांदळाबद्दल विचारलंच नाही. सरळ थोरलीच्या तांदळाबद्दल विचारलं.

"तिचा? तिला डोंगराचं ऊन घावतंय दिसभर," सगुणाबाई म्हणाल्या. "दाना बारीक, कडक. भात कसा मोकळा, शित अन शित सुटं. सकाळचा सांजच्याला खावा, गोळा व्हनार न्हाई. माझ्या पोरीच्या लग्नात म्या हट्टानं माझाच तांदूळ शिजविला, त्याची झाली खीर. तिच्याकडं मागितला आसता तर पंगत देखनी झाली आसती. पन मागनार कोन?"

"मग तुमची पोती देता ना गटाला? माझी चूक झाली, मी..."

"तुमी नगा सांगू. तिनं मला तोंडावर सांगावं, सगुणा, तुझा माल डुप्लिकेट न्हाई. मग देते."

हा निरोप घेऊन तो तीस पावलं वर गेला. "सहा वर्सं बोलले न्हाई, आता काय बोलायची?" असं उत्तर घेऊन खाली आला. असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळी दिलावरने टेम्पो चालू केला.

सोमवारी इंद्रजितने रजा टाकली आणि काळजावर दगड ठेवून एकशे बत्तीस पानांची चार पानं केली. नाचणीचं एक, वरईचं एक. तांदळाची दोन: 'वरच्या खाचराचा तांदूळ' आणि 'खालच्या खाचराचा तांदूळ'. अकराही जणींची नावं जिच्या तिच्या खाचराखाली आली, चारही पिशव्या एकाच पानावर, आणि जुनी सगळी पानं या चारांकडे वळवली. स्वतःचं ते लाडकं वाक्य पुसताना त्याला भरून आलं. त्याच्या जागी वरच्या तांदळावर त्याने सगुणाबाईंचं बोलणं घातलं आणि खालच्यावर रतनबाईंचं, नावानिशी, शब्दाला शब्द.

"त्यांना विचारलंत?" प्रेरणाने विचारलं.

"अवतरण आहे ते. संदर्भासह दिलंय."

"रतनबाई म्हणाल्या होत्या ना, तिला सांगू नका?"

"मी कुठे सांगितलं? मी फक्त लिहिलं."

प्रेरणाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याची रात्रीची भूकच गेली.

बुधवारी टपालाने तालुक्याच्या पुरवठा कार्यालयाचा एक सरकारी लखोटा आला. 'आपल्या संकेतस्थळावर डुप्लिकेट तांदळाची विक्री होत असल्याबाबत एका जागरूक नागरिकाने कळविले आहे. तरी खुलासा करावा.' शनिवारची ती सूचना गटातून कुठे कुठे फिरली होती, देव जाणे. गुरुवारी इंद्रजित त्या कार्यालयात उभा राहिला आणि पातळ पान, सारखं पान, मूळ पान हे सगळं त्याने समजावून सांगितलं. कारकुनाने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे डुप्लिकेट होतं, हे तुम्ही मान्य करता?"

"पानं डुप्लिकेट होती. तांदूळ नाही!"

"मग तसा खुलासा द्या. तीन प्रतींत. एक मूळ, दोन डुप्लिकेट." इंद्रजितचे कान तापले. "आणि सगुणाबाईंचा माल अस्सल असल्याचं शेजारच्या शेताच्या खातेदाराचं लेखी जोडा. शेजारी कोण आहे?"

शेजारी कोण होतं ते सांगायलाच नको. आता सगुणाबाईंना आणि सरकारला, दोघांनाही एकाच बाईचा शब्द हवा होता, आणि त्या बाईने सहा वर्षं तोंड शिवलेलं होतं.

पुढचे दोन दिवस इंद्रजितने कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. तो दर तासाला मोबाईलवर 'पासली तांदूळ' शोधायचा. कुठल्या कुठल्या लोकांचे तांदूळ यायचे, लग्नाचे हॉल यायचे, त्याचं काही यायचं नाही. गोरखनाना जिन्यात भेटले की "काय, मूळ सापडलं का?" असं विचारायचे. त्याने मुलांना चुकीची पुस्तकं दिली, वनस्पतिशास्त्र मागणाऱ्याला पाकशास्त्र दिलं. त्याला स्वतःच्या फजितीचं आता काही वाटेनासं झालं होतं. त्याच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती, व्यापाऱ्याच्या गोदामातला तो ढीग आणि त्यापुढे उभ्या अकरा बायका. शनिवारी त्याने शेफालीला चौथ्यांदा फोन केला, तेव्हा ती म्हणाली, "काका, आता देवाचं नाव घ्या."

रविवारी सकाळी अकराला त्याने जवळजवळ सवयीनेच शोधलं. पहिल्यांदा लग्नाचा हॉल आला आणि त्याच्या खाली होतं: 'खालच्या खाचराचा तांदूळ. दार लावलं तरी वास येतो...'

तो एवढ्या मोठ्याने ओरडला की गोरखनाना काठी घेऊन खाली आले.

संध्याकाळी सोसायटीच्या बाईंचा फोन आला. मागे हसण्याचा गलका होता. "अहो, त्या दार लावून घेणाऱ्या बाई खऱ्याच आहेत का? आम्ही ते मोठ्याने वाचलं. एवढं खरं कुणी खोटं लिहिणार नाही. आम्हाला निम्मा वरचा द्या, निम्मा खालचा. उद्याच पाठवाल?"

"उद्याच," इंद्रजित म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की खालच्या खाचराची बहुतेक पोती सगुणाबाईंच्या घरात कुलपाआड पडली आहेत.

प्रेरणाने सगुणाबाईंना फोन लावला. फोन कुणी उचलला नाही. ती नुसतं एवढंच म्हणाली, "दिलावरभाईंचा टेम्पो पाठवू या. रिकामा परतला तर परतला."

सोमवारी दहा वाजता ग्रंथालयात फोन वाजला. रतनबाई होत्या.

"मास्तर, तुमी लिवलंत ते? दार लावते ते?"

"रतनबाई, माझं चुकलं..."

"तिच्या नातीनं वाचून दावलं तिला. साऱ्या आळीत वाचलं. आन आता बघा, ही बया सकाळधरनं माझ्या दारापुढं तीन दगडांची चूल मांडून बसलीया. भात शिजवतीया. मुद्दाम! वाऱ्याच्या तोंडाला!"

"मग तुम्ही..."

"दार लावलं व्हतं म्या." आवाज खाली आला. "लई वास येतोय, मास्तर."

लांबून दिलावरच्या टेम्पोचा हॉर्न ऐकू आला. इंद्रजितने खुर्चीचा हात घट्ट धरला. समोर परतीची पुस्तकं घेऊन तीन मुली उभ्या होत्या, त्याही कान देऊन ऐकू लागल्या.

"तिला सांगा..." रतनबाई म्हणाल्या.

"काय सांगू? मी आत्ता सांगतो, प्रेरणाला सांगायला सांगतो, तुम्ही फक्त..."

"तिला सांगा की..." कडी काढल्याचा आवाज आला, दार करकरलं. "ऱ्हाऊ द्या. म्याच सांगते."

फोन बंद करायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. सहा वर्षं अडवून धरलेला तो आवाज इंद्रजितने भोरात बसून ऐकला.

"ए सगुणे! तुझा माल डुप्लिकेट न्हाई, समद्या गावाला ठावं हाय! आता खाली लागाया लागलाय त्यो भात, उतरव आदी. दोन ताटं घेऊन येते म्या."